राखणीची बंदूक आणि कचेरीची भीती

कोकणातल्या शेतीसंरक्षण बंदुकांचे परवाने आणखी आवळावेत, असा सल्ला एका निवृत्त अधिकारी गृहस्थांनी जिल्हा प्रशासनाला जाहीरपणे दिला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बंदुकीचा परवाना ही सरकारची मेहेरबानी आहे, तो कोणी हक्काने मागू नये. शेतीचे नाव पुढे करून लोक शिकारीसाठी बंदुका घेतात. घरात बंदूक असली की बांधाच्या भांडणात ती बाहेर निघते. डुकरे-माकडे येत असतील तर कुंपण घालावे, नुकसान झाले तर भरपाई मागावी. आणि परवाने सैल सोडले तर उद्या सिंधुदुर्गाची अमेरिका होईल. या भाषणाला टाळ्याही पडल्या म्हणे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी लोंबीवर आलेल्या भाताची रात्रभर राखण केली आहे, हे विचारायला हवे होते.

आधी या मेहेरबानीचा निकाल लावू, कारण बाकी सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. ज्या खुर्चीवर हे गृहस्थ बसत होते, त्या खुर्चीला परवान्याचा अधिकार देणारा शस्त्र अधिनियम 1959 चा आहे. त्याचे कलम 13 शस्त्रांत भेद करते. पिस्तूल, रायफल मागणाऱ्याकडे सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. पण खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असे ते स्वच्छ सांगते. त्याहून पुढे जाऊन, ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभाही ते देते. कलम 14 मध्ये नकाराची कारणे ठरवून दिली आहेत. अर्जदार मनोरुग्ण असेल, अन्य कारणाने अपात्र असेल, सार्वजनिक शांततेला त्याच्यापासून धोका असेल, तर जरूर नाकारा. पण पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही, आणि नाकारलेच तर कारण लेखी नोंदवावे लागते. 2016 च्या नियमांनी मुदतही घातली : पोलिसांचा अहवाल 30 दिवसांत, आणि अहवाल हाती आल्यापासून 60 दिवसांत निर्णय. पोलिसांनी मुदतीत अहवाल दिलाच नाही, तर त्याच्यासाठी थांबून राहण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही.

म्हणजे संसदेने शेतकऱ्याची बंदूक आणि इतरांची बंदूक वेगळ्या खणांत ठेवली, आणि कचेरीने दोन्ही एकाच दप्तरात बांधून टाकल्या. बिल्डराचे पिस्तूल आणि कुळकरी शेतकऱ्याची ठासणी यांना एकच संशय लावला. खरे हाल त्यापुढे सुरू होतात. सातबाऱ्यावर नाव चुलत्याचे, चुलता मुंबईला, कसणारा पुतण्या. मग तलाठ्याकडे जा, पोलीस पाटलाकडे जा, ठाण्यात जा, वैद्यकीय दाखला आण, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आण. हे सगळे तो आणतो. त्यानंतर उत्तर काय? ‘साहेब बैठकीत आहेत.’ लेखी नकार मिळाला असता तर अपील तरी करता आले असते, कलम 18 मध्ये त्याची सोय आहे. पण नकार द्यायचाच नाही आणि होकारही द्यायचा नाही, फाइल नुसती पडू द्यायची, ही त्या मेहेरबानीची खरी रीत आहे. ज्यांनी ही रीत मुरवली, तेच आता ‘आणखी आवळा’ म्हणतात.

आणि ज्या हत्याराची एवढी धास्ती घेतली आहे, ते एकदा जवळून पाहावे. नळीत मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मग घोडा मागे ओढून टोपी चढवायची आणि नेम धरायचा. बार एकच. दुसऱ्या बारासाठी पुन्हा पहिल्यापासून सगळे. पावसाळी दमट हवेत दारू सर्दावली तर पहिला बारही निघत नाही. दरोडा घालायला हे हत्यार कोण नेईल? दहशत बसवणाऱ्याला चोरट्या बाजारात याहून सोयीचे पुष्कळ मिळते, आणि तो परवान्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत नाही. ज्याचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि बंदुकीचा क्रमांक सरकारदप्तरी आहे, त्याचा बंदोबस्त करणे सर्वांत सोपे, म्हणून सगळा जोर त्याच्यावर.

हा वाद आजचा नाही. 1857 नंतर हादरलेल्या इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्रांचा कायदा केला, तो इथल्या रयतेवर विश्वास नव्हता म्हणून. त्या अपमानाविरुद्ध दोन पिढ्या बोलल्या. 1931 मध्ये कराचीला मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही मोजला होता. पुढे राज्यघटनेत तो आला नाही, हे मान्य. म्हणूनच मी हक्काची भाषा करत नाही. मी 1959 च्या कायद्याची भाषा करतो आहे. स्वतंत्र देशाने शेतकऱ्याला तेवढा विश्वास दिला, तो जिल्ह्याच्या कचेरीने काढून घेऊ नये, एवढेच.

निवडणुकीचे तर विचारूच नका. 2024 ची लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्याकडे मतदान 7 मे रोजी झाले, निकाल 4 जूनला. हेच दिवस काजूचे आणि हापूसचे, आणि माकडांचे. 2019 ची विधानसभा ऑक्टोबरात, भात कापणीला आलेले असताना. आणि आचारसंहिता लागली की बंदुका जमा करण्याचे फर्मान येते. निवडणूक आयोगाच्याच सूचनांप्रमाणे छाननी समितीने एकेका परवानाधारकाचे प्रकरण पाहून ठरवायचे असते : कोण जामिनावर आहे, कोणावर गुन्हे आहेत, दंगलीत कोण होता. सरसकट सगळ्यांना ठाण्यासमोर उभे करायचे नसते. बागायतदार निवडणुकीत दंगा करील ही भीती मोठी, आणि वर्षाचे पीक जाईल ही भीती क्षुल्लक?

राहिलेल्या मुद्द्यांना फार शाई नको. शिकारीचे म्हणाल तर बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हेच. रानडुक्कर मारायचे तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि ती लागावीच. राखणदाराला बहुतेक वेळा आवाजाचाच बार काढायचा असतो. कुंपणाचे म्हणाल तर माकड कुंपण चढते. भरपाईने पंचनाम्याचा कागद मिळतो, पण पोरांच्या ताटात घरचा भात पडत नाही. बांधाच्या भांडणात कोयता निघतो, म्हणून कोयत्यांना परवाना लावणार का? आणि अमेरिकेची आठवण काढणाऱ्यांनी आपल्याकडे पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे, हे विसरू नये.

उलट या आवळण्याने काय होते, ते रानात दिसते. सरळ वाट बंद झाली की आडवाटा निघतात. कोणी तारेची फासकी लावतो, कोणी कुंपणात वीज सोडतो, कोणी विनापरवाना गावठी बंदूक दडवतो. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकून तडफडतो. वीज सोडलेल्या तारेला पहाटे शेजारचा माणूस चिकटतो. ज्यांना वन्यप्राण्यांची खरोखर कणव आहे, त्यांनी तरी परवानाधारक बंदुकीच्या बाजूने उभे राहायला हवे. ती मोजता येते, तपासता येते, चूक झाली तर जप्त करता येते. फासकीला क्रमांक नसतो.

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणे आहे ते सवलतीचे नाही, कायद्याप्रमाणे वागण्याचे आहे. पीकसंरक्षणाच्या अर्जांची नोंदवही वेगळी ठेवावी आणि 30 व 60 दिवसांची मुदत पाळावी. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा. नूतनीकरण आणि वारसांच्या नावावर करायचे परवाने यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा शिबिर घ्यावे, प्रशिक्षणही तिथेच द्यावे. निवडणुकीत छाननी समितीने नावानिशी निर्णय करावा, आणि ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्याची बंदूक हंगामात त्याच्याकडेच राहू द्यावी. परवान्याचा गैरवापर करणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी निलंबित करावा, आम्ही त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. यातल्या एकाही गोष्टीला मुंबईहून नवा आदेश यावा लागत नाही. अधिकार जिल्ह्यातच आहे, भाताची लावणी होऊन लोंबी येण्याआधी तो वापरावा.