चित्रकथांचे दुकान नसलेल्या वस्तीत

विद्यार्थ्याच्या हातचे पुस्तक काढून घेण्याचा प्रसंग शिक्षकावर कधी ना कधी येतोच. गेल्या पावसाळ्यात तो माझ्यावर आला. नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असता शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी पाठ्यपुस्तकाच्या आड दुसरेच काही वाचीत असल्याचे माझ्या दृष्टीस पडले. ते 'सुपर कमांडो ध्रुव'चे एक हिंदी कॉमिक होते. मी ते काढून घेतले, चार कठोर शब्द बोललो आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात शिक्षकांच्या खोलीत परतलो.

मधल्या सुट्टीत त्याच वर्गातील एक विद्यार्थिनी दाराशी येऊन उभी राहिली. "सर, त्याला काय शिक्षा करायची ती करा, पण पुस्तक परत द्याल ना? माझा नंबर अजून यायचा आहे."

मी पुस्तक उघडून पाहिले. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने पाच जणांची आद्याक्षरे लिहिली होती आणि प्रत्येकापुढे तारीख. चौकशी केली तेव्हा कळले की, पाच जणांनी खाऊचे पैसे साठविले, एकाच्या वडिलांच्या मोबाईलवरून पुस्तक मागविले, ते येईपर्यंत आठ दिवस वाट पाहिली आणि प्रत्येकाने तीन दिवस ठेवावे असा नियम केला. "इथे कुठे मिळत नाही का?" मी विचारले. "नाही सर. दुकानदार म्हणतात, गाईड पाहिजे तर आहे."

त्या उत्तराने मला विचार करावयास लावले.

आपला गोविंदपुरा ही कारखान्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. १९५६ साली येथे अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्याची स्थापना झाली आणि देशाच्या नाना प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. बाजार वसले, शाळा निघाल्या, देवळे उभी राहिली. वह्या-पुस्तकांची दुकानेही झाली. परंतु केवळ कॉमिक्सचे असे दुकान येथे नाही. यात दुकानदारांचा दोष आहे असे मात्र मला वाटत नाही.

कॉमिक्सचे स्वतंत्र दुकान ही कल्पना मूळची अमेरिकेतील, आणि तीही तितकीशी जुनी नव्हे. सुपरमॅन १९३८ साली अवतरला, तेव्हा त्याचे अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर विकले जात. न खपलेले अंक विक्रेता प्रकाशकाकडे परत पाठवी. १९७३ च्या सुमारास फिल स्यूलिंग नावाच्या गृहस्थाने प्रकाशकांशी निराळा करार केला. दुकानदाराने अधिक सवलतीत अंक घ्यावेत, पण न खपलेले परत करू नयेत. या व्यवस्थेतून तेथे कॉमिक्सची खास दुकाने वाढली. म्हणजे अशा दुकानाचा पाया दर महिन्याला न चुकता येऊन अंक विकत घेणाऱ्या वाचकांचा असतो. दुकानदार माल परत करू शकत नाही. तो या वाचकांच्या भरवशावरच पैसे गुंतवितो. असे वाचक जेथे शे-दोनशेही नाहीत, तेथे दुकान कसे चालावे?

आणि तरीही, दुकान नसताना आपल्याकडे कॉमिक्स वाचली गेलीच. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांनी १९३६ साली निर्मिलेला फँटम त्यातून मराठी घरांत 'वेताळ' होऊन आला. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला; डाकूंशी झुंजणारा तो वीर चंबळच्या या प्रदेशातील वाचकाला तर अगदी घरचा वाटावा. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. हिंदीत 'राज कॉमिक्स'चे नागराज, ध्रुव आणि डोगा यांनी पुढे पिढीच्या पिढी वेडी केली.

ही पुस्तके मिळत कुठे? रेल्वेच्या फलाटावरील व्हीलरच्या दुकानात, बस स्थानकाबाहेर दोरीला टांगलेली, रद्दीवाल्याच्या ढिगात आणि मुख्य म्हणजे भाड्याने पुस्तके देणाऱ्या गल्लीतल्या वाचनालयांत. काही पैसे द्यावेत, बाकावर बसून वाचावे, अंक परत करावा. एक प्रत कितीजणांच्या हातांतून जाई याचा हिशोब नसे.

माझे स्वतःचे बालपण गोव्यात, फोंड्याजवळच्या एका खेड्यात गेले. माझी मातृभाषा कोंकणी; शाळा मराठी. आमच्या गावात कॉमिक्सचे दुकान तर सोडाच, वर्तमानपत्र देखील दुपारी येई. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईचे मामा गाडीने येऊ लागले. मामा आले की आम्हा भावंडांचे लक्ष त्यांच्या पिशवीकडे. तिच्यात दोन-तीन 'अमर चित्र कथा' आणि एखादे हिंदी कॉमिक हमखास असे. अमर चित्र कथेचे संपादक अनंत पै हे मूळचे कारकळचे आणि आमच्यासारखेच कोंकणी बोलणारे. त्याचा आमच्या घरी कोण अभिमान! त्यांनीच आधी इंद्रजालचे काम पाहिले आणि १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली. सहा भावंडांत पुस्तक एक. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी खांद्यावरून चित्रे पाहायची. हिंदी मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो असे वडील समजत. खरे म्हणजे मी ती नागराजकडून शिकलो.

आज काळ पालटला आहे. मोबाईलवर बोट टेकविले की चार-आठ दिवसांत सुपरमॅन दाराशी येतो. गोविंदपुऱ्यातील मुलाला जे पूर्वी मुंबईच्या मुलालाच मिळे, ते आता मिळू शकते. ही सोय लहान नव्हे, आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण या सोयीबरोबर एक गोष्ट आपल्या हातून निसटत चालली आहे. भाड्याच्या वाचनालयातील बाकावर कारखान्यातील अधिकाऱ्याचा मुलगा आणि चहावाल्याचा मुलगा शेजारी बसून एकच अंक वाचीत. आता ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्याच घरी पुस्तक येते, तो ते आपल्या खोलीत वाचतो आणि कपाटात ठेवतो. ज्याच्या घरी पैसा नाही, त्याला ते असल्याचेही कळत नाही. अंतर मिटले, पण भिंत उभी राहिली.

म्हणूनच त्या पाच आद्याक्षरांचे मला मोल वाटले. दुकान वाचकांच्या मंडळीवर उभे राहते हे वर सांगितलेच आहे. दुकान नसले तरी मंडळी असू शकते, हे या पाच मुलांनी कोणी न शिकविता ओळखले.

पालक म्हणतील, "मास्तर, तुम्हीच असल्या पुस्तकांची भलावण करू लागलात तर मुलांनी अभ्यास केव्हा करावा?" ही शंका जुनी आहे. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे पुस्तक लिहून प्रतिपादिले. त्याच वर्षी प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर कडक नियम लादून घेतले. पुढे २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधक बाईंनी वर्थमची मूळ टिपणे तपासली, तेव्हा त्याने मुलांच्या जबान्यांत फेरफार केल्याचे आढळून आले. याचा अर्थ सर्वच कॉमिक्स चांगली असा नव्हे. निव्वळ मारामारीची आणि स्त्रियांचे हिणकस चित्रण करणारी पुस्तकेही पुष्कळ आहेत. पण निवड करणे निराळे आणि सरसकट जप्ती निराळी. ध्रुवाला कोणतीही दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला हा मुलगा बुद्धीने आणि अंगच्या कौशल्याने संकटातून वाट काढतो. असा नायक मुलांना भावला तर त्यात बिघडले काय?

तेव्हा माझी सूचना अशी की, प्रत्येक वर्गाने अथवा प्रत्येक गल्लीने आपली एक चित्रकथा-पेटी करावी. दरमहा ज्याला जमेल तेवढी वर्गणी द्यावी. ज्याला जमणार नाही त्याने वहीत नोंदी ठेवाव्यात, पुस्तकांना वेष्टने घालावीत. वाचण्याचा हक्क मात्र दोघांचा सारखाच असावा. मागणी पालकांच्या संमतीनेच नोंदवावी. विदेशी कॉमिक्सचा सुटा अंक बहुधा वीस-बावीस पानांचा असतो आणि कथा पुढील अंकांत लांबत जाते. म्हणून पाच-सहा अंकांचे एकत्रित पुस्तक घेणे शहाणपणाचे. मागणीपूर्वी भाग कितवा, भाषा कोणती, पाने किती, हे पाहून घ्यावे. जुन्या इंद्रजाल अंकांना संग्राहक मोठ्या किमती देतात. त्या फंदात विद्यार्थ्यांनी पडू नये. आपल्याला वाचायचे आहे, साठेबाजी करायची नाही. आणि चोरून उतरविलेल्या फुकट प्रतींचा मोह टाळावा. वेताळ काय किंवा ध्रुव काय, चोरीच्या बाजूने कधी उभा राहिलेला नाही.

आणखी एक विनंती. पेटीत हिंदी व इंग्रजी पुस्तके येतीलच. दर चार पुस्तकांमागे एक मराठी अवश्य असावे. अमर चित्र कथा मराठीतही निघाल्या आहेत. सुट्टीत नागपूर-पुण्याला जाणाऱ्यांनी परतताना पिशवीत एखादे पुस्तक घालून आणावे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी केवळ परीक्षेत भेटू लागली, तर ती त्यांची आवडती भाषा कशी व्हावी? परभाषक असूनही मी मराठीवर प्रेम करू शकलो, याचे बरेचसे श्रेय मामांच्या त्या पिशवीला आहे.

ते पुस्तक मी त्याच दिवशी परत केले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या विद्यार्थिनीला सांगितले, "उद्या सकाळी नक्की देतो." रात्री ते आरंभापासून शेवटपर्यंत वाचले. दुसऱ्या दिवशी वर्गात, तासाला वाचल्याबद्दल त्या विद्यार्थ्याची आणि न पाहता जप्त केल्याबद्दल माझी, अशा दोघांच्याही चुका मी सर्वांसमोर मान्य केल्या. पुस्तक तिच्या हाती दिले तेव्हा तिने मुखपृष्ठ उलटून पाहिले आणि ती हसली. पाच आद्याक्षरांखाली पेन्सिलीने सहावे लिहिलेले होते. पुढे आदल्या दिवशीची तारीख.

माझी वर्गणी मी त्याच दिवशी भरली.