जर्मनाला माफी, आपल्याला परीक्षा

जपानमधल्या भारतीय मंडळींच्या जेवणावळीत एक विषय हमखास निघतो. मुलांची शाळा, येनचा भाव आणि परत जायचं की नाही, हे तीन झाले की चौथा ड्रायव्हिंग लायसन्स. बाकी कशावर नसलं तरी या विषयावर सगळ्यांचं एकमत असतं. "काय राव, जर्मन माणूस आयुष्यभर रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवतो, त्याला इथे परीक्षा माफ. आपण जन्मापासून डावीकडून चालवतोय, अगदी जपान्यांसारखं, स्टिअरिंगसुद्धा त्याच बाजूला. आणि परीक्षा कुणाला? आपल्याला! सरळ सरळ भेदभाव आहे हा."

मला हे पटत नाही. तिथल्या तिथे बोललो तर बिर्याणीची मजा जाते, म्हणून इथे लिहितोय.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. परदेशी लायसन्सवरून जपानी लायसन्स काढणं, याला इथे 'गाइमेन किरिकाए' म्हणतात. येताना आरटीओतून इंटरनॅशनल परमिट आणलं असेल तर पहिलं वर्ष निभावतं, कारण १९४९ च्या जिनिव्हा करारात भारतही आहे आणि जपानही. टोकियोत राहणाऱ्याला तेवढीही गरज पडत नाही, तिथे रेल्वे आहे. मी राहतो नागोयाच्या बाहेर, गाड्यांच्या कारखान्यांच्या मुलखात. दिवसभर गाडीचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि संध्याकाळी सायकल मारत घरी यायचं, हा विनोद पहिला हिवाळा येईपर्यंतच चालतो.

वर्ष संपत आलं की आपल्या लोकांना एक जुगाड सुचतो. दिवाळीला घरी जायचं, नवीन परमिट काढायचं, परत यायचं, की झालं आणखी एक वर्ष! नाही होत. इथला रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस तीन महिन्यांच्या आत परत आला तर त्याचं वर्ष नव्याने मोजत नाहीत. म्हणजे खिशात कोरं करकरीत परमिट असूनही तो कायद्याने विनालायसन्स गाडी चालवत असतो, आणि तो इथे फौजदारी गुन्हा आहे. तेव्हा झक मारत गाइमेन किरिकाएच्या रांगेत लागावंच लागतं.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. मूळ लायसन्स, त्याचं जपानी भाषांतर (जाफ नावाची इथल्या मोटारवाल्यांची संघटना ते करून देते), नवे-जुने पासपोर्ट, राहत्या पत्त्याचा दाखला. लायसन्स मिळाल्यावर किमान तीन महिने त्याच देशात राहिलो होतो हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दाखवावं लागतं. ऑनसाइट ठरल्यावर घाईघाईत लायसन्स काढून महिन्याभरात विमानात बसलेल्यांचा कारभार इथेच आटोपतो. मग लेखी परीक्षा. सप्टेंबर २०२५ पर्यंत चूक की बरोबर असे १० प्रश्न यायचे आणि ७ बरोबर आले की पास. तेव्हा पर्यटक म्हणून आलेला माणूससुद्धा हॉटेलच्या पत्त्यावर जपानी लायसन्स काढू शकत होता. मे २०२५ मध्ये असं बदलून घेतलेलं लायसन्स असलेल्या परदेशी चालकांचे दोन मोठे अपघात गाजले, बरीच आरडाओरड झाली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ५० प्रश्न झाले, त्यात ४५ बरोबर पाहिजेत. पर्यटकांना दार बंद. प्रत्यक्ष गाडी चालवायची चाचणीही कडक झाली.

आता भेदभावाकडे येऊ. परीक्षा माफ असलेल्या देशांच्या यादीत जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आहेत हे खरं. पण त्याच यादीत दक्षिण कोरिया आणि तैवानही आहेत. अमेरिका अख्खी नाही, वॉशिंग्टन, हवाई, मेरीलँड अशी मोजकी राज्यंच आहेत. म्हणजे कॅलिफोर्नियातून आलेला गोरापान माणूस आपल्याच रांगेत, आपल्याच मागे, हातात टोकन घेऊन बसलेला असतो. मी स्वतः बघितलाय. त्यामुळे कातडीच्या रंगावरून यादी केलीय हे म्हणणं टिकत नाही. रस्त्याच्या डावीकडून चालवता का उजवीकडून, याच्याशीही तिचा संबंध नाही. ते तर माणूस आठवड्यात शिकतो. तुमच्या देशात हे कार्ड देण्याआधी काय तपासतात, एवढाच सवाल आहे.

आपल्या धंद्यात हे रोज घडतं. एका व्हेंडरकडून मॉड्यूल येतं, सोबत टेस्ट रिपोर्ट, सगळ्या ओळी हिरव्या. दोन-तीनदा अनुभव येतो की त्या टेस्ट कुणी चालवल्याच नव्हत्या, नुसतं एक्सेल भरून पाठवलं होतं. मग काय करतो आपण? त्याचा माल आला की सगळ्या टेस्ट स्वतः चालवतो. त्यात त्या कंपनीतल्या एखाद्या प्रामाणिक पोरावर अन्याय होतो, हे मान्य. पण रिपोर्टवरचा विश्वास आपण घालवलेला नसतो ना!

माझे कागद तपासताना खिडकीमागच्या माणसाने एक फॉर्म काढला आणि शांतपणे विचारायला सुरुवात केली. भारतात किती तास शिकलात? लेखी परीक्षेत किती प्रश्न होते? पंधरा, त्यात नऊ बरोबर लागायचे. चाचणी रस्त्यावर झाली की मैदानात? मैदानात. किती वेळ? आता आली का पंचाईत! आमच्या गावची चाचणी म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या एकाच गाडीत चौघं बसलेले, शेजारच्या सीटवर मास्तर, त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक, आणि साहेब लांब झाडाखाली सह्या करतायत. मी म्हटलं, दोन-तीन मिनिटं. त्याने लिहिलं. चाचणीत काय काय करायला लावलं? पुढे जा, मागे या, थांबा. तेही लिहिलं. भुवईसुद्धा हलली नाही त्याची. जे होतं ते मी सांगितलं होतं, पण एखाद्या देशाचं लायसन्स इतक्या थोडक्या शब्दांत मावावं याचं मलाच कसंतरी वाटलं.

माझंच गाव तसं असेल म्हणावं, तर तसंही नाही. बर्ट्रांड, जॅन्कोव्ह, हॅना आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांचा दिल्लीतला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लायसन्स काढायला निघालेल्या शेकडो लोकांचा माग काढला आणि लायसन्स मिळाल्यावर त्यांची अचानक वेगळी चाचणी घेतली. बहुसंख्य लोकांनी आरटीओची चाचणी दिलेलीच नव्हती, एजंट होता. आणि निम्म्याहून जास्त लोक त्या वेगळ्या चाचणीत नापास झाले.

अभ्यास जुना आहे म्हणाल, तर ताजे आकडे घ्या. २०२२ मध्ये जपानमध्ये रस्त्यावर २,६१० माणसं गेली. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. (जपानचा आकडा अपघातानंतर २४ तासांत मेलेल्यांचा आहे, आपल्याकडे ३० दिवस मोजतात, पण त्याने फरक थोडाच भरून निघतो.) लोकसंख्या दोन्हीकडे साधारण सारखी, साडेबारा कोटींच्या आसपास. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, १९७० मध्ये जपानचा आकडा १६,७६५ होता! म्हणजे आज आपण जिथे आहोत तिथे हे लोक होते. त्या काळाला ते 'वाहतूक युद्ध' म्हणतात. त्याच वर्षी त्यांनी रस्ता सुरक्षेचा कायदा केला आणि पुढे दर पाच वर्षांची योजना आखत राहिले. आकडा एकट्या लायसन्समुळे खाली आला असं मी म्हणत नाही. रस्ते, फूटपाथ, सीटबेल्ट, दवाखाने, सगळंच आलं त्यात. पण लायसन्सही आलं.

आता दुसरी बाजू. इथली प्रत्यक्ष चाचणी हा थोडा नाटकाचा प्रकार आहे, हे कबूल. बंद आवारातला ट्रॅक, ठरलेला मार्ग, शेजारी पाटी-पेन्सिल घेऊन बसलेला गंभीर परीक्षक. नापास का केलं ते धड सांगत नाहीत, पुढची तारीख लांबची मिळते, आणि प्रत्येक खेपेला एक रजा जाते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या व्हिएतनामी, नेपाळी पोरांचे काय हाल होत असतील! आमच्या टीममधला एक सहकारी, पुण्यात दहा वर्षं गाडी हाकलेला, तीनदा नापास झाला. म्हणे डावीकडे वळताना मान मागे वळवून बघितलं नाही. "आरसा आहे ना! मान कशाला मोडायची?"

पण त्या मानेचंच बघा. डावीकडे वळायच्या बरंच आधी गाडी डाव्या कडेला घ्यायची, म्हणजे मधल्या फटीत दुचाकी घुसणार नाही. मग आरसा, मग खांद्यावरून मागे नजर, कारण आरशात न दिसणारा सायकलवाला नेमका तिथेच असतो. वळणाऱ्या गाडीच्या पोटात तो ओढला जाऊ नये म्हणून हे सगळं. जर्मनीत हा कोपरा उजवीकडे असतो. डावीकडून चालणाऱ्या आणि दुचाकींनी भरलेल्या आपल्या पुण्याला जगातली कुठली चाचणी सगळ्यात जास्त लागू पडत असेल, तर ती ही. आपल्याकडे ती फट म्हणजे एक आख्खी लेन असते :) तिथून स्कूटी, रिक्षा, पाण्याचे जार नेणारा, सगळे जातात. आणि मला कुणीही, कधीही, मान वळवायला शिकवली नव्हती.

चांगलं काही होत नाही असंही नाही. पुण्यात नाशिक फाट्याला चारचाकीच्या चाचणीसाठी खास ट्रॅक आहे, तिथे नापास होणारे मित्र मला माहीत आहेत. माझा राग असा की त्या ट्रॅकवर घाम गाळून पास झालेल्याचं कार्ड आणि झाडाखाली सही मिळालेल्याचं कार्ड दिसायला एकसारखं. जपानी कारकुनाने ओळखायचं कसं? दुसऱ्या टोकाला, जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. सोय उत्तम आहे, पण माउस कुणाच्या हातात आहे हे कोण बघणार?

माझा मामेभाऊ नगरकडे राहतो, आत्ताच अठराचा झाला. गेल्या शनिवारी फोन आला. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतोय, थोडे पैसे जास्त द्या, टेस्टला फक्त फोटो आणि सहीसाठी या. मी त्याला हे सगळं पुराण ऐकवलं, अगदी फॉर्मवाल्या माणसासकट. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, पण मला कुठे जपानला जायचंय?"

नसेल जायचं. पण लायसन्स मिळालं की तो मामाची गाडी घेऊन रोज नगर-मनमाड रस्त्याने कॉलेजला जाणार आहे, उसाच्या ट्रॅक्टरांमधून. मी स्कूलवाल्याचा नंबर मागून घेतलाय. उद्या रविवार आहे, फोन करतो आणि विचारतो, पोराला निदान डावीकडे वळायचं तरी नीट शिकवणार का.