चेहऱ्याचा साचा

अकोल्याच्या जुन्या शहरातील एखाद्या साडीच्या पेढीचे उदाहरण घ्यावे. लग्नसराईपूर्वी नव्या मालाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकांस पाठवावयाची आहेत. पूर्वी त्यासाठी छायाचित्रकार लागे, साडी नेसून उभी राहणारी तरुणी लागे, दिवस मोडे. आता धाकटा मुलगा म्हणतो, “बाबा, वहिनीचे वीस फोटो पुरेत. बाकी संगणक करील.”

मुलाचे म्हणणे खोटे नाही. २०२२ साली गूगलच्या संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ ही पद्धत मांडली. चित्रे काढणाऱ्या यंत्रास तीन ते पाच छायाचित्रांवरून एक विशिष्ट व्यक्ती वा वस्तू शिकविता येते, हे तिने दाखविले. त्याआधी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेलांसाठी शोधलेली ‘लोरा’ ही युक्ती पुढे चित्रांसही लागू झाली. तीत मूळचे अवाढव्य मॉडेल तसेच ठेवून त्यास एक लहान पुरवणी जोडतात. चेहरा एका निरर्थक शब्दाशी बांधला जातो. मग तो शब्द लिहून ‘पैठणी नेसलेली, वाड्याच्या दारात उभी’ असे सांगितले की तसे चित्र उमटते. विसांपैकी प्रत्येक छायाचित्रात तीच नथ असेल, तर यंत्र नथीलाही चेहऱ्याचाच भाग समजते. म्हणून प्रकाश आणि वस्त्रे निरनिराळी हवीत, प्रत्येक छायाचित्राखाली नेमके वर्णनही हवे.

येथवर सारे कौतुकाचे. परंतु छायाचित्र आणि ही पुरवणी यांत दागिना आणि साचा यांइतके अंतर आहे. सराफ दागिना विकतो, साचा हातचा सोडीत नाही. छायाचित्रात सून जशी उभी राहिली तशीच दिसते. साचा ज्याच्या हाती, तो तिला ती कधी गेली नाही तेथे नेऊ शकतो, तिने कधी न नेसलेल्या वस्त्रांत दाखवू शकतो. ही फाईल पेनड्राइव्हवर सहज मावते आणि तिच्या दहा प्रती व्हावयास क्षण पुरतो.

एकत्र कुटुंबात सासऱ्यांनी विचारले असता सून ‘नको’ म्हणेल काय? ती गप्प राहील, आणि त्या गप्प राहण्यालाच होकार मानले जाईल. तिला सर्वांसमक्ष विचारू नये. सासूबाईंनी निवांत वेळी विचारावे, आणि नकार आला तर त्याची घरात पुन्हा चर्चाही होऊ नये.

प्रसिद्ध व्यक्तींना न्यायालयाचे दार उघडले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, चेहरा व आवाज यांच्या अनधिकृत वापरास मनाई केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. त्यांच्या नावाला बाजारात मोल होते. घरातल्या सुनेच्या चेहऱ्याचे मोल कोणत्या वहीत लिहिलेले असते? तिच्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अधिक जवळचा. त्यानुसार संमती सांगितलेल्या हेतूपुरतीच असते व ती परत घेता येते; १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते.

व्यापाऱ्याने आणखी एक बाजू पाहावी. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांबरोबरच प्रतिरूपकव्यवहारही येतो, म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली माल विकणे. यंत्राने रेखाटलेल्या साडीचा काठ पुष्कळदा प्रत्यक्ष साडीशी जुळत नाही. बुट्ट्या वाढतात, जर अधिक चमकते. सुनेने मनापासून होकार दिला तरी ही अडचण उरतेच. तेव्हा साडीचे म्हणून दाखवावयाचे छायाचित्र साडीचेच असावे, आणि यंत्राच्या चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे.

हे सर्व करूनही साचा घडवावयाचा ठरला, तर एक छोटा कागद करावा: कोणत्या मालासाठी, किती काळ, फाईल कोणापाशी राहील, आणि सुनेने नको म्हटले तर ती कोणी पुसावयाची. काम परक्या कंपनीच्या सेवेवर होणार असेल, तर तेथील प्रत पुसण्याची सोय छायाचित्रे चढविण्याआधी पाहावी.