कर्ज लपवणं म्हणजे अदब नव्हे

आपल्या घरांत आई-वडिलांशी पैशांविषयी बोलणं बेअदबी समजलं जातं. अब्बांची तब्येत विचारावी, औषधं आणून द्यावीत, त्यांच्यासमोर आवाज चढवू नये, इतकं आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. पण ‘घरावर कर्ज किती आहे?’ हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर वाटणीची घाई झाली असं समजतात. लग्न झालेल्या मुलीने विचारलं तर विचारूच नका. माझं मत उलट आहे. हा प्रश्न वेळेवर न विचारणं हीच बेअदबी आहे, कारण त्या गप्प बसण्याची किंमत म्हाताऱ्या माणसांनाच मोजावी लागते, तीही व्याजासकट.

म्हातारी माणसं कर्ज लपवतात ती लबाडीने नव्हे. ज्यांनी आयुष्यभर घर चालवलं, त्यांना मुलांसमोर हात पसरायचा नसतो. आपल्याकडे त्यात आणखी एक गाठ असते, व्याजाची. सूद हराम, हे ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांनीच व्याजाचं कर्ज घेतलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग बँकेची पाकिटं न उघडताच कुठेतरी सरकवली जातात.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. अब्बांच्या परवानगीने आमच्याच घरचं सांगते. अब्बा शिंपीकाम करायचे. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी राहतं घर गहाण ठेवून एका बँकेकडून 8 लाख घेतले. व्याज 12 टक्के, मुदत 10 वर्षं, हप्ता साधारण साडेअकरा हजार. तयार कपड्यांच्या जमान्यात शिलाई कमी होत गेली, पण अब्बा ओढत राहिले. सहा वर्षांनी मला हे कळलं तेव्हा तीन हप्ते थकलेले होते आणि पत्रांचा गठ्ठा शिलाई मशीनच्या खणात होता. मी विचारलं तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, “बेटा, इज्जत का सवाल है.”

आम्ही खातेउतारा मागवला आणि दोघांनी बसून वाचला. अब्बांनी तोवर जवळजवळ 8 लाख भरले होते, आणि तरी पावणेपाच लाखांच्या आसपास बाकी होते. अब्बांचा विश्वास बसेना. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं, मुद्दल थोडं थोडं कमी होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सारे कागद इंग्रजीत. अब्बा उर्दू वाचतात, मराठी कामापुरती वाचतात. मी या दोन्ही भाषा शिकवते, आणि आमच्या घराचं भवितव्य तिसऱ्याच भाषेत लिहिलेलं होतं. आता 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या किरकोळ कर्जांच्या मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. आपल्या वडीलधाऱ्यांसाठी ते मागून घ्या, सही त्यानंतर.

वेळेचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. हप्ता थकून 90 दिवस उलटले की कर्जखातं बुडीत कर्जाच्या वाटेला लागतं, एनपीए होतं. त्यानंतर 2002च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देऊ शकते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत सकारण उत्तर द्यावं लागतं. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. म्हणजे वाटा आहेत, पण त्या पाकीट उघडणाऱ्यालाच सापडतात. आमच्याकडे 90 दिवस भरायला थोडेच दिवस उरले होते.

पैसे मात्र घरात होते, आणि खरी अडचण तीच होती. अब्बांनी हजसाठी 2 लाख 40 हजार साठवले होते. ते वेगळ्या खात्यात. त्यावर मिळणारं व्याज सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना द्यायचे. त्या रकमेला हात लावा असं त्यांना कोणी सांगावं? मी सांगितलं. ऐपत असेल त्याच्यावरच हज फर्ज आहे आणि थकलेलं देणं आधी, हे अब्बांनाही ठाऊक होतं. तरी ते मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेले. मौलानांनीही तेच सांगितलं. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच बँकेचं पासबुक घेऊन उभे राहिले.

त्यातून थकबाकी भरली, उरलेले मुद्दलात टाकले. व्यक्तीने व्यवसायेतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँक लावू शकत नाही, म्हणून ते जमलं. हप्ता तेवढाच ठेवला, मुदत कमी करून घेतली. उरलेल्या 48 हप्त्यांचे 23 झाले. ते आम्ही तिघी-तिघं भावंडं वाटून भरतो, ज्या बहिणीच्या लग्नात हे पैसे गेले तीसुद्धा.

सूरह बकरातली 282वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मजकूर कर्जदाराने स्वतः सांगावा, त्याला जमत नसेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावा, असंही तिथे आहे. पैगंबरांचं निधन झालं तेव्हा त्यांचं चिलखत जवाच्या बदल्यात एका यहुदी माणसाकडे गहाण होतं, ही नोंद सहीह बुखारीत आहे. व्याजाचा प्रश्न वेगळा आणि गंभीरच आहे. पण कर्ज असणं, वस्तू गहाण असणं ही तोंड लपवण्याची गोष्ट नाही. वारसांचे हिस्से तर कर्ज फिटल्यावरच ठरतात. मग आज कर्जाविषयी विचारणारी मुलगी वाटणी मागते आहे, असं का समजायचं?

त्या आयतीतला क्रम मुलांनीही लक्षात ठेवावा. आधी कर्जदार, मग वली. बँकेतला अधिकारी अब्बांना वगळून माझ्याशीच बोलू लागला, तेव्हा मी त्याला सांगितलं, “खातं यांचं आहे, यांना सांगा.” मदतीच्या नावाखाली घर आपल्या नावावर करून घेणारी मुलंही मी पाहिली आहेत. ‘हप्ते मी भरतो, हिबा करून द्या.’ ही मदत नव्हे, सौदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं, हे आई-वडिलांनाही माहीत असू द्या.

येत्या जुम्याला घरी जाल तेव्हा जेवण झाल्यावर शांतपणे विचारा. मंजुरीपत्र, खातेउतारा आणि घराची मूळ कागदपत्रं कुठे आहेत, एवढंच. ‘का घेतलं?’ हे विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपणच असतो. कर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे. ते कागद घ्यायला अब्बांना सोबत न्या. सही त्यांनीच करावी.