खय्याम तिसऱ्यांदा

काही पुस्तके घरात येतात तीच थोडा बदलौकिक घेऊन. उमर खय्यामच्या रुबाया त्यांपैकीच. मद्याचा पेला, साकी आणि गुलाब एवढीच त्यांची ख्याती! विशीतला वाचक त्यांत पेला शोधतो आणि तो त्याला पानोपानी सापडतो. चाळिशी उलटल्यावर तेच पुस्तक पुन्हा उघडावे, तर पेल्यापेक्षा तो धरणारा हात आधी दिसतो.

मराठीत या रुबायांचा सर्वांत चिवट वाचक म्हणजे कवी माधव जूलियन. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी फार्सी शिकवली, १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९२९ मध्ये मूळ फार्सीवरून रुबाया मराठीत आणल्या. दुसरा एखादा पंडित तेवढ्यावर हात झटकून मोकळा झाला असता. यांनी १९३१ मध्ये फिट्‌झेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ रचली. त्याच अवतारावरची ‘मधुलहरी’ १९४० मध्ये निघाली, तेव्हा कवीच राहिले नव्हते. १९३९ च्या नोव्हेंबरात, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

एकाच पुस्तकाचा एवढा ध्यास कशासाठी? तर मुळात ही पुस्तकेच दोन आहेत. रुबाई म्हणजे चार ओळींचे स्वतंत्र कवन. फार्सी संग्रहांत रुबाया लावण्याची जुनी रीत यमकाच्या शेवटच्या अक्षरावरून. त्यामुळे थट्टेला लागून कबर येते आणि पश्चात्तापाच्या शेजारी मैफल बसते. फिट्‌झेराल्डने १८५९ मध्ये त्यांतल्या निवडक रुबाया पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या एका दिवसात ओवल्या. आपलेही असेच नाही का? आयुष्य घडते ते फार्सी पोथीसारखे, कशाला काही लागून नसलेले. सांगायला बसलो, की ते फिट्‌झेराल्डसारखे सांगतो.

आणि ‘आजचा दिवस तुझा’ हे बजावणारा माणूस कोण? या नावावरच्या सगळ्याच रुबाया खय्यामच्या नाहीत, असे अभ्यासक मानतात; पण खय्याम हा थोर गणिती व ज्योतिर्विद होता यात शंका नाही. १०७९ मध्ये इराणात जी सुधारलेली कालगणना सुरू झाली, तिच्या रचनेत त्याचा वाटा होता. वर्षाचे दिवस ज्याने इतके काटेकोर मोजले, त्याच्या तोंडी ‘आज’ हा शब्द चैनीचा कसा असेल? तो हिशेबनिसाचा शब्द आहे. शिल्लक किती, हे ठाऊक असलेल्याचा.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्या पुजून झाल्या, की फळीवरचे हे पुस्तकही एकवार खाली काढावे. मुलांनी मागितले तर खुशाल द्यावे. त्यांना त्यात पेला सापडेल, सापडू द्या. उरलेले वाचायला ती पुन्हा येतील, आणि तोवर थांबण्याइतका खय्यामला धीर आहे.