घरखर्चाची वही : मागचा शॉकअप घ्यावा की न घ्यावा?

गेल्या रविवारी सकाळी आमच्या चाळीतील एक बंधू आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. बंधू कारखान्यात हेल्पर आहेत. मुलगा यंदा दहावी चांगल्या गुणांनी पास झाला. कॉलेज घरापासून सहा किलोमीटरवर आणि वाटेत रेल्वेवरचा उड्डाणपूल. पास झालास तर सायकल घेऊन देऊ, असा शब्द आईने दिला होता. त्यासाठी त्या माऊलीने भिशीतून १२,००० रुपये बाजूला ठेवले होते.

"भाऊ, याला डबल शॉकअपचीच सायकल पाहिजे. दुकानदार म्हणतो, डोंगरावर चालते. तुम्ही हिशेबातले माणूस. तुम्हीच काय ते सांगा."

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "काका, माझ्या सगळ्या मित्रांकडे तीच आहे."

त्याचे हे वाक्य आम्हाला हसण्यावारी नेता आले नाही. कारण सहा वर्षांपूर्वी आम्हीही हेच केले होते. आमच्या थोरल्या मुलीसाठी पुढे आणि मागे शॉकअप असलेली सायकल आम्ही ९,५०० रुपयांना घेतली. जाड टायर, सीटखाली लाल रंगाची स्प्रिंग, मोटारसायकलसारखा थाट. दुकानातून घरी आणताना आमचीच छाती फुगली होती. मुलगी सकाळी कॉलेजला आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला त्याच सायकलवर जाई. चार महिन्यांनी तिने क्लास सोडला. "पाय दुखतात," म्हणाली. आम्ही तिला आळशी म्हटले, दोन शब्द अधिकच बोललो.

दीड वर्षाने मागचे चाक लडबडू लागले, तेव्हा सायकल मिस्त्रीकडे नेली. त्याने मागचा भाग हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवला. सांध्यातले बुश झिजले होते आणि त्या मापाचे बुश कोठे मिळेना. वजनकाट्यावर सायकल साडेअठरा किलो भरली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पोरगी दीड वर्ष ही स्प्रिंग दाबत होती. पायातली निम्मी ताकद तिकडेच जात असेल." निम्मी हे मिस्त्रीचे बोलणे झाले, मोजमाप नव्हे. पण चूक कोणाची, ते त्या दिवशी आम्हाला कळले. मुलीने आम्हाला आजवर बोल लावलेला नाही. म्हणूनच हा विषय या वहीत लिहावासा वाटला.

आता मागचा शॉकअप म्हणजे काय, ते पाहू. खऱ्या शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग. ती लोखंडी असेल किंवा दाबून भरलेल्या हवेची असेल. खड्ड्याचा धक्का ती आत घेते. दुसरी गोष्ट म्हणजे तिला आवरणारी तेलाची नळी, जिला डॅम्पर म्हणतात. दट्ट्या सरकला की तेल बारीक छिद्रांतून जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरते. ज्यांच्याकडे जुनी मोटारसायकल आहे त्यांना हे ठाऊक आहे. शॉकअपमधले तेल गळाले की स्प्रिंग शाबूत असूनही गाडी खड्ड्यानंतर उड्या मारीत राहते. स्वस्तातल्या बहुतेक डबल शॉकअपच्या सायकलींत ही तेलाची नळी नसतेच. नुसती स्प्रिंग असते.

दुसरा फरक असा की मोटारसायकलला इंजिन असते आणि सायकलला आपले पाय. पायडलवर जोर दिला की शरीर वर-खाली होते, चेनही मागचा भाग ओढते. त्यामुळे स्प्रिंग बसते, उठते, पुन्हा बसते. चढावर प्रत्येक पायडलमागे थोडी मेहनत अशी वाया जाते. वर स्प्रिंग, सांधे आणि जादा लोखंड यांचे वजन वाहायचे ते वेगळेच.

मग मागचा शॉकअप म्हणजे निव्वळ फसवणूक आहे काय? नाही. तो ज्या कामासाठी निघाला, तेथे त्याचे मोल मोठे आहे. डोंगरी सायकलीचा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मारिन काउंटीत वाढला. तेथे १९७६ साली तरुणांनी ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू केली. जुन्या, जाड टायरच्या सायकली ते डोंगरावरून खाली सोडीत. मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस उताराने तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीला ते नाव पडले. त्या सायकलींना ना पुढे शॉकअप, ना मागे. शॉकअप पुढे वेग वाढला तसे आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथम स्थान मिळाले. २०१२ साली लंडनला चेक खेळाडू यारोस्लाव कुल्हावी याने पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलवर सुवर्णपदक जिंकले. दगडगोट्यांवरून वेगाने जाताना मागचे चाक जमिनीला धरून राहते, पकड सुटत नाही, कंबर वाचते. हा खरा लाभ आहे.

आपल्या घरातील एखाद्या मुला-मुलीला या खेळाचीच गोडी लागली असेल, तर निवड अशी करावी.

पहिली गोष्ट, चाक किती वर-खाली होते ते पाहावे. चढ-उताराच्या लांब शर्यतीसाठी १०० ते १२० मिलिमीटर पुरते. डोंगरवाटांवरील सर्वसाधारण फिरतीला १२० ते १५०. केवळ उताराच्या शर्यतीसाठी २०० च्या आसपास. जास्त म्हणजे चांगले, असे नाही. जास्त घेतले की वजन वाढते आणि चढ जड जातो.

दुसरी गोष्ट सांध्यांची. एकाच सांध्यावर फिरणारी रचना साधी, दुरुस्तीला सोपी, पण ब्रेक लावल्यावर अनेकदा आखडते. चार सांध्यांच्या रचनेत मागच्या चाकाच्या आसापुढे एक जादा सांधा असतो. हॉर्स्ट लाइटनर या कारागिराच्या नावावरून त्याला हॉर्स्ट लिंक म्हणतात. ब्रेक लावला असतानाही ही रचना बऱ्यापैकी मोकळी राहते. मात्र जितके सांधे, तितके बेअरिंग आणि तितका देखभालीचा खर्च.

तिसरी गोष्ट, हवेचा शॉकअप की लोखंडी स्प्रिंगचा? हवेचा वजनाला हलका असतो आणि छोट्या पंपाने आपल्या वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करता येतो. वाढत्या वयाच्या मुलाला तो सोयीचा. लोखंडी स्प्रिंग जड, पण लहान धक्के अधिक मऊपणे घेते. मात्र वजन बदलले की स्प्रिंगच बदलावी लागते. हवेच्या शॉकअपचे रबरी सील ठरावीक तासांनी बदलावे लागतात.

चौथी गोष्ट मापाची. सीटवर नुसते बसले असता शॉकअप थोडा दबलाच पाहिजे. साधारण पाव ते तीस टक्के. दट्ट्याची चाल ५० मिलिमीटर असेल, तर १२ ते १५ मिलिमीटर. चढासाठी शॉकअप आवळून धरणारा खटका आहे काय, तेही पाहावे.

या गुणांची नवी सायकल बहुधा लाखाच्या पुढेच जाते. ९,००० रुपयांत जे मिळते ते तिचे चित्र आहे, ती नव्हे.

हे सारे मुलाला सांगितले, पण नुसत्या सांगण्याने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे मन वळत नाही. वळूही नये. म्हणून आम्ही म्हणालो, "बाळ, मित्राची सायकल तासभर माग. माझी साधी सायकलही घे. दोन्ही उड्डाणपुलावर चढव. सीटवर बसूनच चढव आणि मध्ये एकदा स्प्रिंगकडे बघ."

तासाभराने तो घामाघूम होऊन परत आला. म्हणाला, "काका, तिच्यावर अर्ध्यातच उतरावं लागलं. पायडल मारलं की सीट खाली जाते." मग थोडे थांबून म्हणाला, "पण दिसायला तीच भारी आहे." मुलगा खरे बोलला, याचा आम्हाला आनंद झाला. दिसण्याची हौस हा काही गुन्हा नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांनाही चारचौघांत ताठ मानेने जावेसे वाटते. पण चारचौघांसमोर पुलावर उतरून सायकल ढकलण्यापेक्षा बसून पूल चढणे अधिक ताठ मानेचे, हे त्याचे त्यालाच उमगले.

मग तिघांनी मिळून वही उघडली. मागचा भाग ताठ असलेली, गिअरची, दोन इंच रुंद टायरची सायकल ८,५०० रुपये. हेल्मेट १,१००. कुलूप आणि पंप ९००. पंक्चरचे सामान आणि जादा ट्यूब ३००. एकूण १०,८००. उरलेले १,२०० रुपये ब्रेकचे रबर, चेन आणि तेलपाण्यासाठी आईकडेच ठेवायचे ठरले. आमच्या जुन्या सायकलीचा हिशेबही आम्ही शेजारीच मांडून दाखवला. ९,५०० ला घेतली, १८ महिन्यांनी भंगारात ५०० ला गेली. म्हणजे महिन्याला ५०० रुपये घसारा. वर मुलीचा सुटलेला क्लास, तो कोणत्या खात्यात मांडावा हे बी.कॉम.ला आम्हाला कोणी शिकवले नाही.

ज्यांच्या घरी अशी सायकल आधीच आलेली आहे, त्यांनी खट्टू होऊ नये. स्प्रिंगवर आवळण्याची चकती असेल तर ती आवळून घ्यावी, म्हणजे हेलकावे कमी होतील. मागचे चाक धरून आडवे हलवून पाहावे. सांधा खटखटत असेल तर लगेच मिस्त्रीला दाखवावे, कारण ढिला सांधा उतारावर घात करतो. सीट अशा उंचीवर ठेवावी की टाच खालच्या पायडलवर टेकली असता पाय सरळ होईल. टायरमध्ये हवा भरताना टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा पाहावी. दगडासारखे कडक टायर करू नये, थोडी मऊ हवा लहान धक्के पिऊन टाकते. आणि खड्डा आला की सीटवरून किंचित उठावे, गुडघे व कोपर सैल सोडावेत. हा शॉकअप प्रत्येकाला फुकट मिळालेला आहे.

परवा संध्याकाळी तो मुलगा नवी सायकल घेऊन दारात आला. आमच्या मुलीने, ती आता नोकरीला आहे, सायकल एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाली, "हलकी आहे रे. नशीबवान आहेस." आम्ही वही मिटली आणि चहा ठेवायला आत गेलो.