विश्लेषण : मोठी वर्षाच्या आत बोलली, धाकटा दीड वर्षाचा होऊनही गप्प का?

पहिली मुलगी वर्षाची होण्याआधीच ‘आई’, ‘बाबा’, ‘काऊ’ म्हणू लागते. दुसरा मुलगा दीड वर्षाचा होतो, तरी बोट दाखवून ‘उं उं’ करण्यापलीकडे जात नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी कुठेही जा, अशा घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, ‘मोठी तर केव्हाच बोलत होती, याचं काहीतरी बिघडलं.’ दुसरे, ‘पोट्टे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला, थांबा.’ पहिले वाक्य आईची झोप उडवते. दुसरे जास्त घातक आहे, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाची महत्त्वाची वर्षे त्या ‘थांबा’मध्ये जातात.

एकाच घरात एवढा फरक का?

घर एकच असले तरी दोघांना ते सारखे मिळत नाही. पहिल्या लेकराला एकेक वस्तू दाखवून नाव सांगणारी मोठी माणसे असतात. दुसरे जन्मते तेच गलबल्यात. आईचे अर्धे लक्ष मोठ्याच्या शाळेकडे, आणि त्यातही ते काही मागायच्या आत ताईने आणून दिलेले असते. बोलायची गरज काय?

अमेरिकेतील संशोधक कॅथरीन नेल्सन यांनी 1973 मध्ये 18 मुलांच्या सुरुवातीच्या शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुले आधी वस्तूंची नावे गोळा करतात, तर काही ‘दे ना’, ‘नको’ अशी माणसांशी व्यवहार करणारी बोली आधी उचलतात, असे त्यांना दिसले. पहिल्या गटात पहिलटकर मुले अधिक होती. ब्रिटनमधील ज्युलियन पाइन यांच्या 1995 च्या अभ्यासात पहिली मुले 50 शब्दांचा टप्पा लवकर गाठत होती, मात्र 100 शब्दांपर्यंत पोहोचताना हा फरक उरला नाही. कॅनडात 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर धाकटी मुले ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या वापरात पुढे आढळली. कारण सोपे आहे. एकट्या मुलाला सगळे ‘तू’च म्हणतात, धाकटे मात्र आई आणि ताईचा संवाद ऐकते आणि ‘मी’ कोण, ‘तू’ कोण हे बोलणाऱ्यागणिक बदलते, हे त्याच्या लक्षात येते. मोठ्यांना ‘तुम्ही’, लहानांना ‘तू’ अशी मराठीतली उतरंड कळायलाही असे कानावर पडलेले बोलणेच कामी येत असावे.

फ्रान्समधील हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मोठी बहीण होती, त्यांची भाषा मोठा भाऊ असलेल्यांपेक्षा सरासरीने पुढे होती. हा फरक सरासरीचा आहे, तोही फ्रान्समधला. त्यावरून दादाला दोष देऊ नये. पण आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात असते आणि धाकटे ताईच्या कडेवर. ती ताई दिवसभर त्याच्याशी जे बोलते, त्याला ‘नुसतं खेळवणं’ समजणे बरोबर नाही.

मुली मुलग्यांपेक्षा सरासरीने थोड्या लवकर बोलतात, हेही खरे. मात्र हा फरक लहान आहे. दोन मुलग्यांमधला फरक त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून ‘मुलगा आहे’ हे दोन वर्षे वाट पाहण्याचे कारण होऊ शकत नाही.

अनेक भाषांमुळे गोंधळ होतो का?

आजीची वऱ्हाडी, अंगणवाडीतली पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी, मोबाइलवर इंग्रजी गाणी. वर्ध्यातल्या मुलांच्या कानावर एवढे सगळे पडते. एकाहून अधिक भाषांमुळे वाचादोष निर्माण होत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारे मूल बोबडे आहे असे शहरातल्या पाहुण्यांनी ठरवू नये, त्याची आजीही तसेच म्हणते. मोबाइलचे मात्र वेगळे आहे. पडदा बोलतो, पण मुलाने काही म्हटले तर उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलालाही स्क्रीन नको, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको.

थांबायचे कुठवर?

तुलना भावंडाशी नको, वयाशी हवी. वर्षाच्या मुलाने बडबडावे, बोट दाखवावे, टाटा करावे. दीड वर्षापर्यंत काही अर्थपूर्ण शब्द यावेत. दोन वर्षांचे मूल ‘बाबा ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल किंवा त्याच्याकडे पन्नासही शब्द नसतील, तर तपासणी करावी. अशी बरीच मुले पुढे बरोबरीला येतात, पण कोणती येणार हे घरबसल्या कळत नाही. हाक मारली तरी न वळणारे किंवा आलेले शब्द विसरणारे मूल कोणत्याही वयात लगेच दाखवावे. समजही पाहा. हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटल्यावर ते आणते का?

घरी थाळी वाजवून केलेली परीक्षा फसवी ठरते. हात हललेला दिसला तरी मूल वळते. जन्मतः ऐकू न येणारी बाळेही पहिल्या काही महिन्यांत आवाज काढतात, त्यामुळे शंका येत नाही. वेखंड उगाळून चाटवल्याने कान उघडत नाहीत आणि जिभेखालचा पडदा कापल्याने गप्प मूल बोलू लागत नाही. त्यात वेळ मात्र जातो.

जगभर मान्य असलेला क्रम असा : श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपचार सहाव्या महिन्यापर्यंत. बाळंतीण घरी जाण्याआधी प्रत्येक बाळाची, केवळ कमी वजनाच्या किंवा आजारी बाळाचीच नव्हे, चाचणी झाली पाहिजे, अशी मागणी पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासायची असतात. विकासातला विलंब ओळखणे हे त्यांचे कामच आहे. पण त्या दिवशी मूल आईबरोबर शेतात किंवा मामाच्या गावी असेल, तर पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी. दोन वर्षांच्या मुलासाठी हा काळ फार मोठा आहे.

शंका असेल तर पथकाची वाट न पाहता अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे जावे आणि माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. त्यात लसींबरोबर वाढ आणि विकासाचीही पाने असतात. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत, म्हणजे मुंबई-नागपूरला धावण्याआधी जिल्ह्यातच विचारता येते. कानाची ‘बेरा’ चाचणी दुखत नाही; लहान मुलांची ती झोपेत केली जाते. त्यामुळे वेळ ठरवतानाच त्याला किती वाजता झोपेचे आणायचे, हे विचारून घ्यावे.